शरदाचा उत्तरार्ध : महाराष्ट्रांतील नोव्हेंबर महिना

शास्त्रानें ऋतु सहा सांगितले असले, तरी लोकव्यवहारांत उन्हाळा, पावसाळा व हिंवाळा हे तीनच मानले जातात. त्यामुळें शरद ऋतूचा उत्तरार्ध, म्हणजे साधारणपणें नोव्हेंबर महिना, यांपैकीं कोणत्याच खात्यांत धड जमा होत नाहीं. पावसाळा सरलेला असतो आणि थंडीचा कडाका अद्याप दूर असतो. दिवाळीची गडबड ओसरली कीं शहरांतील गृहस्थास हवेकडे लक्ष देण्याचें विशेष कारणहि उरत नाहीं. परंतु शेतकरी, बागाईतदार व कोळी यांच्या वर्षाचे मोठमोठे हिशेब याच तीस दिवसांत ठरत असतात.

हवामानखात्यानें २०२० सालीं सुधारलेल्या तारखांप्रमाणें नैर्ऋत्य मोसमी वारे ८ ऑक्टोबरच्या सुमारास मुंबईचा निरोप घेतात व १५ ऑक्टोबरपर्यंत सबंध देशांतून मागें फिरतात. त्यानंतर कांहीं दिवस वारा पडलेला, जमीन ओली आणि ऊन प्रखर अशी स्थिति असते. ऑक्टोबरचा उष्मा म्हणतात तो हाच. पुढें सूर्य दक्षिणेकडे सरकल्यामुळें उत्तर भारताची भूमि निवूं लागते, तिच्यावरील हवेचा भार वाढतो, आणि ईशान्येकडून व पूर्वेकडून वारे वाहूं लागतात. हेच वारे बंगालच्या उपसागरावरून जातांना बाष्प घेऊन तामिळनाडूस पाऊस देतात. महाराष्ट्राकडे मात्र ते बहुतेक जमिनीवरूनच येत असल्यामुळें कोरडे असतात.

कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांचा परिणाम रात्रीं दिसतो. ढग हें भूमीचें पांघरूण होय. तें दूर झालें म्हणजे दिवसां सांठलेली उष्णता रात्रीं अडथळ्यावांचून आकाशांत निघून जाते. म्हणून पुण्यास दुपारीं उष्णतामान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असलें, तरी पहाटे तें १५ अंशांच्या जवळ उतरतें. मुंबईस समुद्राचा शेजार असल्यामुळें रात्रीचा पारा २१-२२ अंशांच्या खालीं सहसा जात नाहीं व दुपारीं तो ३३ अंशांच्याहि वर चढतो. महिन्याच्या आरंभापासून अखेरपर्यंत पुण्याचा दिवस सुमारें २० मिनिटांनीं लहान होतो, आणि घरांतील शाली व गोधड्या एकेक करून बाहेर निघतात.

पहिल्या पंधरवड्यांत शेतांतील कामास उसंत नसते. बागाईत गव्हाची वेळेवरची पेरणी याच दिवसांत होते. हरभरा उगवून येत असतो, आणि काळ्या जमिनींतील रब्बी ज्वारी मुरलेल्या ओलीवर वाढत असते. कोंकणांत गरव्या भाताची कापणी व झोडणी चालते. विदर्भांत कापसाचीं बोंडें फुटून वेचणी जोरांत येते. पंढरपूरची कार्तिकी यात्रा व तुळशीचीं लग्नें बहुधा याच सुमारास येतात. महिन्याच्या अखेरीस निफाडसारख्या ठिकाणीं पहाटेचा गारठा बोचूं लागतो, आणि त्याच तालुक्यांतील नांदूरमध्यमेश्वराच्या जलाशयावर उत्तरेकडील पाहुण्या पक्ष्यांची गर्दी होऊं लागते. कोंकणांतील आंब्याचें झाडहि कोरड्या, थंड रात्रींचीच वाट पाहत असतें. त्या वेळेवर आल्या तर मोहोर वेळेवर येतो.

तथापि हा महिना दिसतो तितका निर्धोक नाहीं. मोसमी पाऊस सरल्यावरचा हा काळ समुद्रांतील चक्री वादळांचा होय. नोव्हेंबर १९४८ मध्यें मुंबईनें अशा वादळाचा तडाखा सोसला. ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ वादळ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यास लागलें, तेव्हां कोंकणांतील कित्येक कोळी समुद्रावरून परतले नाहींत. २०१९ सालीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत पाऊस लांबला आणि कापणीस आलेलीं व कापून ठेवलेलीं पिकें शेतांतच कुजलीं.

२६ नोव्हेंबर २०२३ रोजीं नाशिक जिल्ह्यांत गारांसह पाऊस झाला. त्याचें नुकसान समजण्यास द्राक्षबागेचें वेळापत्रक ध्यानांत घ्यावें लागतें. ऑक्टोबरच्या सुमारास छाटलेली वेल नोव्हेंबरांत फुलोऱ्यांत येते, आणि अगोदर छाटलेल्या बागेंत मणी धरूं लागलेले असतात. अशा वेळीं पाणी घडांत सांठलें तर गळ व कूज होते, पानांवर केवडा पसरतो. आणि गारा पडल्यास कोवळी काडीहि जखमी होते. शेजारच्या शेतांत रांगडा कांदा उभा असतो व उन्हाळ कांद्याचीं रोपें वाफ्यांत असतात. त्यांचीहि तीच गत होते. खत, औषध व मजुरी यांचा खर्च तोंवर होऊन गेलेला असतो, आणि मालाचे पैसे मात्र यावयाचे असतात. एका संध्याकाळच्या पावसानें वर्षाचें कर्ज डोक्यावर राहतें तें यामुळें.

शहरांतील संकट निराळें आहे. पहाटे जमिनीलगतची हवा थंड व वरची त्या मानानें उबदार राहिली कीं धूर वर जाऊं शकत नाहीं. तो घरांच्या उंचीवरच रेंगाळतो. वाहनांच्या धुरांत पालापाचोळा व कचरा जाळल्याच्या धुराची भर पडली म्हणजे दमेकरी, वृद्ध व लहान मुलें यांस त्रास होतो. निदान आपल्या अंगणांतील पाला न जाळतां खड्ड्यांत कुजविणें प्रत्येक कुटुंबास शक्य आहे.

फेब्रुवारींतील द्राक्षें आणि एप्रिलमधील आंबा महाग कां झाला, याचें उत्तर पुष्कळदां नोव्हेंबरच्या एखाद्या ढगाळ आठवड्यांत सांपडतें. म्हणून वृत्तपत्रांतील हवामानाचा रकाना पावसाळा संपला म्हणून वाचावयाचें सोडूं नये. ज्यांच्या श्रमावर शहराचें ताट भरतें, त्यांची काळजी त्या चार ओळींत असते.