मागणीनुसार वाहन – पण मागणी कोणाची?

(पनवेल येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



‘मोटार घरी ठेवा, एकत्र प्रवास करा’ असे आजकाल सगळेच सांगतात. फोनवरून गाडी बोलवायची, एकाच वाटेच्या चौघांनी मिळून जायचे, म्हणजे गर्दी आणि धूर कमी. विचार चांगलाच आहे. पण आपल्यापैकी किती जणींकडे घरी ठेवायला मोटार आहे? पनवेल स्टेशनबाहेर तिसरी सीट भरण्याची वाट बघत आपण शेअर रिक्षात बसतो, तो एकत्र प्रवासच आहे. बायका तो वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. तेव्हा ‘मागणीनुसार वाहन’ म्हणताना मागणी कोणाची धरली जाते, हे आपण विचारायला हवे.

वाहतुकीची आखणी होते ती सकाळी घरून ऑफिसला आणि संध्याकाळी परत, अशा सरळ रेषेत. बाईचा दिवस असा सरळ नसतो. वस्तीत काम करताना मी बायकांना दिवसभराच्या फेऱ्या सांगायला लावते. पोराला पाळणाघरात सोडायचे, दोन सोसायट्यांत चार घरची कामे करायची, येताना रेशन, मग सासूला दवाखान्यात न्यायचे. अंतरे लहान, पण दर वेळी भाडे वेगळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले. एकटीने चार वेळा रिक्षा केली की १०४ रुपये गेले. म्हणून ती चालते. आणि ती चालते म्हणून तिची मागणी कोणाच्या हिशेबातच येत नाही.

उलट मोटारवाल्यांची मागणी लगेच ऐकू येते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला. लांबी जवळपास २२ किलोमीटर. त्यावर रिक्षा आणि दुचाकीला बंदी आहे. बस जाऊ शकते आणि काही बस सुरूही झाल्या. पण पूल आधी, बस नंतर, असाच क्रम राहिला.

शेअर रिक्षाच्याही अडचणी आहेत. दिवसा सीट भरतात, रात्री भरत नाहीत. उशिराच्या लोकलने उतरलेल्या बाईला सांगितले जाते, ‘पूर्ण रिक्षा करा.’ यात रिक्षावाल्याला शत्रू ठरवून चालणार नाही. त्यालाही गाडीचा हप्ता भरायचा असतो. रिकाम्या सीटचा भार बाईनेही सोसू नये आणि त्यानेही. तो सार्वजनिक पैशातून उचलला पाहिजे. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे. मोठ्या प्रवासाला हे चालते, तर स्टेशन ते घर या शेवटच्या तुकड्याला का नाही?

केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ॲपवरच्या शेअर गाडीत बाईला फक्त बायकांसोबत जाण्याचा पर्याय द्यावा असे म्हटले होते. चांगली गोष्ट. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात आहे, तिथे ती गाडी बोलावणार कशी?

म्हणून आपण पनवेल महानगरपालिकेकडे आणि आरटीओकडे जाऊ या. मागण्या साध्या आहेत. शेअर रिक्षाचे मार्ग आणि दर मराठीत, मोठ्या अक्षरांत थांब्यावर लावा. शेवटच्या लोकलपर्यंत ठरलेल्या दराने शेअर वाहन मिळू द्या, सीट भरो वा न भरो. साध्या फोनवरून किंवा थांब्यावरूनही गाडी मागवता आली पाहिजे. थांब्यावर दिवा हवा.

मात्र नुसते निवेदन देऊन भागणार नाही. महिनाभर आपापल्या वस्तीत फेऱ्यांची नोंद करा: कुठून कुठे, किती वाजता, किती पैसे, आणि कोणती फेरी पैशाअभावी किंवा भीतीने रद्द केली. रात्रपाळीचे काम नाकारले असेल तर तेही लिहा. न झालेल्या प्रवासाची नोंद सरकार ठेवत नाही. ती आपणच ठेवली पाहिजे, आणि तीच घेऊन त्यांच्या टेबलापुढे बसले पाहिजे.