उन्हाळा, उमस आणि धावणारी मुले
(क्रीडादिनी पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आपल्या कोकणात आज मुले पूर्वीपेक्षा जास्त धावू लागली आहेत. कोणी शालेय स्पर्धेसाठी धावतो, कोणी पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी, तर मुली ८०० मीटरसाठी. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सराव ऐन सुटीत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत होतो, आणि त्या दिवसांत आपल्याकडे ऊन कमी पण उमस फार असते. म्हणून आज या उमसेविषयी चार शब्द बोलणार आहे.

आपला एक समज आहे की, ऊन म्हणजे नागपूरचे. आपल्याकडे काय, ३३ अंशांच्या वर पारा क्वचितच जातो. हा समज घातक आहे. धावताना शरीरात जी शक्ती खर्च होते तिचा सुमारे पाऊण हिस्सा उष्णतेत जातो. ही उष्णता बाहेर टाकण्याचे मुख्य साधन घाम होय. पण घाम गळल्याने शरीर थंड होत नाही; तो अंगावर वाळला तरच थंड होते. मातीच्या मडक्यातले पाणी गार होते ते याच नियमाने, आणि दमट दिवसांत मडके नीट गार होत नाही तेही याच कारणाने. हवेत आधीच बाष्प भरलेले असले की घाम वाळत नाही, नुसता टपकतो. पाणी जाते, मीठ जाते, उष्णता मात्र आतच राहते. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर सावलीतसुद्धा शरीराला ती हवा ४० अंशांसारखी जाणवते.

आपल्यापैकी अनेकांचे आप्त कतारमध्ये नोकरीला आहेत. त्याच कतारच्या दोहा शहरात २०१९ च्या सप्टेंबरमध्ये जागतिक मैदानी स्पर्धा झाल्या. उष्णतेमुळे महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू केली. डोक्यावर सूर्य नव्हता. तापमान ३२ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ७० टक्क्यांवर. जगातल्या निवडक ६८ धावपटू निघाल्या. ४० जणींनीच शर्यत पुरी केली. थांबलेल्या २८ जणी दुबळ्या होत्या असे कोण म्हणेल?

उलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये झारखंडात शिपाई भरतीसाठी उमेदवारांना एका तासात १० किलोमीटर धावायचे होते. त्या चाचणीच्या काळात दहाहून अधिक तरुण दगावले आणि सरकारला भरती काही दिवस थांबवावी लागली. प्रत्येक मृत्यूचे कारण एकच होते असे मी म्हणत नाही. पण नोकरीच्या आशेने धावणारा गरिबाचा मुलगा सहजासहजी थांबत नाही, हे आपण सर्व जाणतो.

मग करावे काय? विद्यार्थी मित्रांनो, प्रथम शरीराला सवय लावा. उष्ण हवेशी जुळवून घेण्यास १० ते १४ दिवस लागतात. रक्तातील पाण्याचा अंश वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. पुण्याच्या वसतिगृहातून सुटीला घरी आलेल्या मुलाने दुसऱ्याच दिवशी पूर्ण वेगाने धावू नये. पहिला आठवडा निम्मे अंतर आणि संथ गती ठेवावी.

दुसरे, वेळ निवडा. फजरनंतरचा तास उत्तम. त्या वेळी आर्द्रता जास्त असली तरी तापमान सर्वांत कमी असते. संध्याकाळी धावायचे तर ऊन उतरल्यावर, जिथे समुद्रावरचा खारा वारा लागतो अशा मोकळ्या जागी धावा. वाऱ्याने घाम वाळतो. कपडे सैल, पातळ व फिक्या रंगाचे असावेत. डोके झाकून धावणाऱ्या मुलींनी ओढणीचे कापडही तसेच निवडावे.

तिसरे, पाणी. धावण्यापूर्वी व नंतर वजन करून पाहा. ५० किलोच्या मुलाचे वजन एक किलोहून अधिक घटले तर पाणी कमी पडले; वजन वाढले तर जास्त झाले, आणि नुसते पाणी अति पिणेही धोक्याचे आहे. मीठ घातलेले ताक, लिंबाचे किंवा कोकमचे सरबत पुष्कळ झाले. ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील तर काही दिवस धावूच नका.

चौथी गोष्ट पालक आणि क्रीडाशिक्षकांसाठी. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, भर उकाड्यात अंगावर काटा येणे, ही थांबण्याची खूण आहे. मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असे मानू नये. धावणाऱ्याला घामाने निथळत असतानाही उष्माघात होतो. अशा वेळी १०८ ला फोन करा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नका. सावलीत नेऊन, कपडे सैल करून, त्याला गार पाण्याच्या टाकीत बसवा आणि डोके वर धरून ठेवा. टाकी नसेल तर बादल्यांनी पाणी ओता, वारा घाला, मान, काखा व जांघांत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीचा येथे उपयोग नाही. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले तर बहुधा जीव वाचतो.

शेवटी पालकांना विनंती. मे महिन्यात मुलाची वेळ डिसेंबरपेक्षा मागे पडणारच. त्याबद्दल त्याला बोल लावू नका, शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. "आज बरे वाटत नाही, मी थांबलो," असे जो मुलगा घरी येऊन निर्भयपणे सांगू शकतो, तो पुढच्या हिवाळ्यात मैदानावर असेल. एवढे त्याला सांगता यावे, असे आपले घर आणि आपली शाळा असावी.