माशीच्या वजनाचे महारथी



मुष्टियुद्धाचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें एखादा धिप्पाड, रेड्यासारख्या मानेचा पुरुष उभा राहतो. आज ज्यांच्याविषयीं मी बोलणार आहें ते मात्र तसे नव्हते. त्यांच्या वर्गाला इंग्रजींत ‘फ्लायवेट’ म्हणतात. म्हणजे अक्षरशः माशीचें वजन. मर्यादा ८ स्टोन, अर्थात् ११२ पौंड. आजच्या मापानें ५१ किलोंच्या किंचित् आंत. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबनें १९०९ सालीं वजनाचे जे वर्ग ठरवून दिले त्यांत हा सर्वांत हलका. गंमत अशी कीं, सर्वांत जड वर्गाच्या जगज्जेतेपदानें ब्रिटनला १८९९ नंतर नव्वद वर्षांहून अधिक काळ हुलकावणी दिली. पण माशीच्या वर्गांत तें त्याच्याकडे पुनःपुन्हां आलें. कारण शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. वेल्सच्या कोळशाच्या खाणींत आणि ग्लासगोच्या दाटीवाटीच्या चाळींत अर्धपोटी वाढलेलीं मुलें अंगानें लहान पण काटक निघत, आणि ठोशांवर मिळणारा पैसा त्यांना मजुरीहून खचित अधिक वाटे.

ह्या वर्गांतील सर्वश्रेष्ठ ब्रिटिश योद्धा कोण, हा वाद जुना आहे. नांवें पुष्कळ घेतलीं जातात. परंतु खरा वाद दोघांतच आहे. एक वेल्सचा जिमी वाइल्ड आणि दुसरा स्कॉटलंडचा बेनी लिंच.

वाइल्डचा जन्म १८९२ चा. ऱ्होंडा खोऱ्यांतील टायलर्सटाउन ह्या खाणीच्या गांवांत तो वाढला आणि लहान वयांतच खाणींत उतरला. पुढें जत्रेंतील तंबूंत तो लढूं लागला. ह्या तंबूंत कोणीही प्रेक्षकानें पुढें यावें आणि मालकाच्या गड्याशीं भिडावें, अशी रीत असे. समोर उभा हा रोडका, फिकट चेहऱ्याचा पोरगा. त्याला पाहून भलेभले हंसत पुढें येत आणि थोड्याच वेळांत उताणे पडत. ‘हातांत हातोडा घेतलेलें भूत’ असें नांव लोकांनीं त्याला दिलें तें उगीच नव्हे. हात कमरेशीं सैल सोडून तो उभा राही. शिस्तीच्या गुरूंना तें मुळींच पसंत पडण्याजोगें नव्हतें. १९१५ च्या जानेवारींत टॅन्सी ली ह्या स्कॉटिश योद्ध्यानें त्याला १७ व्या फेरींत हरविलें. पुढच्याच वर्षीं वाइल्डनें ११ व्या फेरींत त्याची परतफेड केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लंडन येथें यंग झुलू किड ह्या अमेरिकन प्रतिस्पर्ध्यास पाडून तो ह्या वर्गाचा पहिला सर्वमान्य जगज्जेता ठरला.

आतां खरी गोष्ट सांगतों. मर्यादा ११२ पौंडांची. पण वाइल्ड कित्येकदां शंभर पौंडांच्या आसपासच भरे. इतर लोक ज्या मर्यादेखालीं येण्यासाठीं अन्नपाणी तोडीत, ती मर्यादा ह्या गृहस्थाच्या डोक्यावरून जात होती. पोटभर जेवून त्यानें कांट्यावर पाय ठेवावा! इतकेंच नव्हे, तर आपल्या वर्गांत तोडीचे गडी मिळेनात म्हणून तो वरच्या वर्गांतील माणसांशीं लढला. १९१८ मध्यें जो कॉन हा त्याच्याहून पुष्कळच जड असलेला गडी त्यानें हरविला. १९२१ च्या जानेवारींत पीट हर्मनशीं त्याची गांठ पडली, तेव्हां हर्मन दहा पौंडांहून अधिक जड होता. त्या रात्रीं वाइल्डनें लढण्यास नकार दिला असता तर त्याला कोणीं बोल लावला नसता. पण सभागृहांत युवराज येऊन बसले होते. वाइल्ड उतरला, आणि १७ व्या फेरींत पंचानें सामना थांबवीपर्यंत पडत-उठत लढला.

शाळेंत असतांना आंतरशालेय कुस्त्यांसाठीं मुलांचीं वजनें घेण्याचें काम माझ्याकडे असे. वजनाच्या आदल्या दिवशीं कांहीं मुलें डबाच आणीत नसत. एक मुलगा तर तोंडांतली थुंकीही गिळीत नसे. त्याला मीं रागें भरलों, बळेंच पाणी पाजलें आणि वरच्या गटांत घातलें. त्यासाठीं त्याच्या वडिलांचा रोषही पत्करला. हें सांगण्याचें कारण असें कीं, बेनी लिंचची कथा समजावयाची तर कांटा म्हणजे काय हें आधीं समजलें पाहिजे.

लिंच १९१३ मध्यें ग्लासगोच्या गॉर्बल्स वस्तींत जन्मला. १९३५ च्या सप्टेंबरांत त्यानें मँचेस्टर येथें जॅकी ब्राउन ह्या विजेत्यास दोन फेऱ्यांतच इतक्या वेळां जमिनीवर पाडलें कीं मोजणाऱ्यांचे आंकडे अजून जुळत नाहींत. स्कॉटलंडचा तो पहिला जगज्जेता. १९३७ च्या जानेवारींत स्मॉल मॉन्टाना ह्या फिलिपिनो योद्ध्याशीं तो वेम्ब्लीला पंधरा फेऱ्या लढला आणि गुणांवर जिंकला. मॉन्टानाला अमेरिकेंत जगज्जेता मानीत असल्यामुळें ह्या विजयानें किताबाविषयींचा संशय मिटला. त्याच वर्षीं १३ ऑक्टोबरला ग्लासगोच्या शॉफील्ड मैदानावर पीटर केन हा अपराजित, एकोणीस वर्षांचा लोहार त्याच्यासमोर उभा राहिला. सुमारें चाळीस हजार लोक जमले होते. पहिल्याच फेरींत केन खालीं गेला, पण उठला, आणि पुढें असा झगडला कीं लिंचला त्याला संपविण्यास १३ वी फेरी उजाडावी लागली. दोन्ही हातांत सारखेंच बळ, हुलकावणी देण्याची हातोटी, आणि प्रतिस्पर्ध्याला घाई करावयास लावून आपण स्वस्थ राहण्याची कला, ह्या तिन्ही गोष्टी त्या सामन्यांत एकत्र दिसतात. केवळ तंत्राचे गुण द्यावयाचे तर मी लिंचला वाइल्डहून दोन गुण अधिकच देईन.

आणि त्यानंतर नऊ महिन्यांच्या आंत, २९ जून १९३८ रोजीं, पेस्ली येथें किताबाच्या सामन्यासाठीं तो कांट्यावर चढला तों साडेसहा पौंड जास्त! किताब तेथेंच गेला. सायंकाळीं त्यानें प्रतिस्पर्धी जॅकी ज्यूरिच ह्यास १२ व्या फेरींत पाडलें. परंतु जिंकूनही त्याच्या हातीं कांहीं आलें नाहीं. दारूनें त्याला ग्रासलें होतें. १९३८ च्या ऑक्टोबरांत तो शेवटचा लढला आणि १९४६ च्या ऑगस्टांत, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, हलाखींत वारला.

ह्या शेवटावरून कित्येक सज्जन लिंचचे गुण कापतात. मला तें मान्य नाहीं. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या घरचा हिशेब मांडावयाचा नसतो. तो प्यायला, हें खरें. पण त्याच्या वाढत्या अंगास दर सामन्यापूर्वीं वाळवून ८ स्टोनांत कोंबणारे, आणि तिकिटांचा पैसा मोजणारे, शुद्धीवरच होते. जॅकी पॅटर्सनचेंही तेंच झालें. १९४३ मध्यें त्यानें केनला ६१ सेकंदांत लोळविलें, आणि १९४७ मध्यें वजन उतरवितां उतरवितां तो स्वतःच कोसळला.

तरीसुद्धां पहिला क्रमांक मी वाइल्डलाच देतों. ह्यावर लिंचचे पक्षपाती दोन आक्षेप घेतात. पहिला असा कीं, १९२३ मध्यें न्यूयॉर्क येथें पांचो व्हिला ह्या फिलिपिनो तरुणानें वाइल्डला सातव्या फेरींत निपचित पाडलें. पाडलें खरें, पण वाइल्ड त्या वेळीं एकतीस वर्षांचा होता आणि दोन वर्षांहून अधिक काळ रिंगणांत उतरला नव्हता. दुसरा आक्षेप अधिक विचारी आहे. आज १०५ आणि १०८ पौंडांचे निराळे वर्ग आहेत. मग वाइल्ड हा खरा फ्लायवेट नव्हेच, त्याला खालच्या पंक्तींत बसवा, असें ते म्हणतात. परंतु हे वर्ग १९७५ नंतरचे. वाइल्डच्या काळीं त्याला खालीं बसावयास पंक्तीच नव्हती. कमी वजनाचा तोटा पदरीं घेऊन त्यानें वरच्यांना लोळविलें, ही गोष्ट त्याच्या विरुद्ध कशी जाते तें मला उमगत नाहीं.

राहतां राहिला तिसरा क्रमांक. नंतरच्यांपैकीं वॉल्टर मॅगोवन हा १९६६ मध्यें जगज्जेता झाला खरा, पण त्याची कातडी फार लवकर फाटे, आणि त्याच वर्षीं बँकॉकला नाकावरच्या जखमेनें त्याचा घात केला. उत्तर आयर्लंडच्या डेव्ह मॅकॉलीनें १९८९ नंतर आपला किताब पांच वेळां राखला. मात्र तोंपर्यंत एकाच वर्गांत तीन-चार जगज्जेते नांदूं लागले होते. माझें मत बेलफास्टच्या रिंटी मोनाघनला आहे. १९४८ मध्यें त्यानें पॅटर्सनला सातव्या फेरींत हरविलें, आणि छातीच्या विकारामुळें १९५० मध्यें, किताब हातीं असतांनाच, तो निवृत्त झाला. सामना जिंकला कीं घाम पुसण्यापूर्वींच तो ध्वनिक्षेपक मागून घेई आणि रिंगणांतूनच प्रेक्षकांना आयरिश गाणें म्हणून दाखवी.