अरबांच्या बाजारातून काय आणावे?

प्रवासाहून परतणाऱ्या माणसाने घरी रिकाम्या हाताने येऊ नये, हा आपल्याकडील जुना दंडक आहे. काशीहून येणारा गंगेचा गडू आणी. पंढरपूरहून येणारा बुक्का, तुळशीची माळ आणि चुरमुरे आणी. या वस्तूंची किंमत विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. गडूतले पाणी गंगेचेच आहे, एवढ्या एका खात्रीवर तो गडू वर्षानुवर्षे देवघरात राही. ही खात्री नसती, तर तेच पाणी आडाच्या पाण्याहून वेगळे ठरते ना.

आता यात्रेच्या दिशा बदलल्या आहेत. इंदूरसारख्या समुद्रापासून दूरच्या शहरातील माणसाला पूर्वी परदेशी जायचे तर मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागे. १५ जुलै २०१९ रोजी एअर इंडियाचे विमान इंदूरहून थेट दुबईस गेले. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून परदेशी जाणारी ती पहिली नियमित सेवा. पुढे २०२३ मध्ये शारजाची सेवाही सुरू झाली. चार-सहा दिवसांसाठी सहकुटुंब दुबईला जाऊन येणे मध्यम स्थितीतील कुटुंबांच्याही आवाक्यात आले. निघण्यापूर्वीच जावा-नणंदा, शेजारीपाजारी आणि कचेरीतील मंडळी यांची यादी तयार होते. आणि प्रवासाचा शेवटचा दिवस ती यादी पुरी करण्यात जातो.

हा दिवस बहुधा खाडीच्या काठी जातो. दुबई शहराच्या मधोमध समुद्राची एक खाडी शिरली आहे. एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा. ‘अब्रा’ नावाच्या लाकडी नावा अल्प भाड्यात प्रवाशाला पैलतीरी पोचवितात. देऱ्याच्या बाजूला मसाल्यांचा बाजार आणि सोन्याचा बाजार जवळ जवळ आहेत. बर दुबईकडे कापडाचा बाजार आणि हिंदी व्यापाऱ्यांच्या दुकानांनी गजबजलेला मीना बाजार आहे. इंदूरच्या राजवाड्यामागील गल्ल्यांतून हिंडलेल्या माणसाला येथे फारसे परके वाटत नाही. पुष्कळ दुकानदारांना हिंदी येते.

मौज अशी की, या बाजारात लागणारे कित्येक शब्द मराठी माणूस घरूनच घेऊन निघालेला असतो. ‘दुकान’, ‘किंमत’, ‘हिशेब’, ‘रक्कम’, ‘नफा’, ‘दलाल’, ‘जकात’ हे सारे मूळचे अरबी शब्द. इंदूरचा ज्याच्यामुळे नावलौकिक, त्या सराफ्यातला ‘सराफ’ही अरबीच. इतकेच नव्हे, तर एके काळी तिकडील व्यवहार आपल्याच रुपयात चालत. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर दुबईसारख्या राज्यांनी त्याचा त्याग केला. दोन किनाऱ्यांमधील ही देवघेव अशी जुनी आहे. म्हणूनच प्रवाशाने येथे अधिक सावध असावयास हवे. कारण तो जी वस्तू दूरदेशची खूण म्हणून मोठ्या हौसेने उचलतो, ती पुष्कळदा त्याच्याच देशातून तेथे गेलेली असते.

मसाल्यांच्या बाजारात गोणपाटाच्या पोत्यांतून मांडलेली हळद, लाल मिरची आणि वेलदोडे पाहून मन प्रसन्न होते. परंतु हाच माल इंदूरच्या सियागंजात रोज उतरतो. केशर तेथे भरपूर मिळते, पण ते मुख्यतः इराणचे असते. ते घेताना दोन-चार काड्या कोमट पाण्यात टाकून पाहाव्यात: खऱ्या केशराचा पिवळा रंग हळूहळू उतरतो आणि काडी तांबडीच राहते, पाणी क्षणात लाल झाले, तर तो करडईच्या फुलाचा किंवा रंगाचा प्रताप समजावा. मऊ शालींचे मूळ काश्मिरात, तर पितळी दिव्यांचे पुष्कळदा मुरादाबादेत निघते. आणि काचेच्या कपाटातील तो इवलासा उंट? त्याच्या पोटाखाली पाहिले, तर तेथे चीनचे नाव आढळण्याचा संभव मोठा. इंदुरात तर तारेच्या सांगाड्यावर चामडे मढवून प्राणी करणारे कारागीर आहेत. या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळालेले आहे. घराजवळच्या कारागिराचा उंट सोडून यंत्राच्या साच्यातला उंट समुद्रापलीकडून आणावा, याला काय म्हणावे?

मग त्या भूमीचे असे तेथे काहीच नाही काय? आहे, आणि ते पुष्कळ आहे. सर्वांत आधी खजूर. खलास, फर्द, लुलू या जाती अमिरातीच्या मरुद्यानांत पिकतात. जातीचे नाव आणि उत्पादनाचा देश डब्यावर पाहून घेतला की फसगत होत नाही. खजुरीच्याच पानांपासून विणलेल्या टोपल्या आणि चटया असतात. त्या कलेला ‘खूस’ म्हणतात. बदाऊन स्त्रिया मेंढी, उंट आणि बकरी यांच्या केसांपासून पट्ट्या विणतात. ‘सदू’ नावाची ही विणकाम-कला लोपण्याच्या भीतीने युनेस्कोने २०११ मध्ये तातडीने जतन करावयाच्या वारशांत घेतली. अशा पट्टीचा एक लहानसा तुकडा विकत घेतला, तरी एखाद्या वृद्ध विणकरणीच्या हाताला काम मिळते. लांब चोचीची कॉफीची किटली, जिला ‘दल्ला’ म्हणतात, ती तर त्यांच्या एका दिरहमच्या नाण्यावरही आहे. शेजारच्या ओमानातील धोफारचा धूप प्राचीन काळापासून जगभर जात आला. त्याचे ‘लुबान’ हे अरबी नाव आपण ‘लोबान’ म्हणून उच्चारतो. मात्र ‘ऊद’ नावाचे महागडे सुगंधी लाकूड घेताना थोडे थांबावे. आपल्या ऊदबत्तीतला ऊद शब्द त्यांचा. परंतु ते लाकूड देणारी झाडे अरबस्तानात नव्हे, तर आसामात आणि आग्नेय आशियात वाढतात.

सोन्याची गोष्ट निराळी. तेथे भाव रोज जाहीर होतो, तो ठरलेला असतो; घासाघीस करावयाची ती मजुरीवर. परंतु स्वस्त सोन्याच्या मोहाला परतीच्या वेळी जकात आडवी येते. २०१६ च्या सामान-नियमांत दागिन्यांची सवलत होती ती एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांना. चार दिवसांच्या प्रवाशाला नव्हे. जुलै २०२४ मध्ये भारताने सोन्यावरील शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणले, तेव्हा दोन बाजारांतील अंतर आणखी कमी झाले. हे नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत आणि पावती जपून ठेवावी. कासवाच्या कवचाची किंवा हस्तिदंताची वस्तू मात्र कितीही सुंदर असली तरी घेऊ नये. ती कायद्याच्या आणि दयेच्याही विरुद्ध आहे.

नावाने माणूस कसा भुलतो, याचे उदाहरण मराठी स्त्रीच्या नथीतच आहे. नथीतल्या उत्तम मोत्यांना आपण ‘बसरा मोती’ म्हणतो. हे मोती निघत ते बहारीनसारख्या बेटांभोवतीच्या आखाती समुद्रातून. इराकमधील बसऱ्याच्या पेठेतून त्यांचा व्यापार होई, म्हणून त्यांना ते नाव पडले. जपानी संवर्धित मोती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाजारात आले आणि आखातातील पाणबुड्यांचा तो धंदा बसला. पण नाव उरले, आणि त्या नावाखाली आज वाटेल तो मोती खपविता येतो. एखाद्या आजीच्या पेटीतील जुनी नथ ही म्हणूनच आखाती समुद्राची खरीखुरी आठवण आहे. बाजारात नव्याने, स्वस्तात मिळणारा ‘बसरा’ बहुधा नव्हे.

यात केवळ पैशाची फसगत नाही. इंदूरहून काही कोसांवर नर्मदेच्या काठी महेश्वर आहे. अहिल्याबाईंच्या आश्रयाने तेथे विणकर स्थिरावले, आणि त्यांच्या हातमागावरील साडीने त्या गावाचे नाव देशभर नेले. आज यंत्रमागावरचे स्वस्त कापड ‘माहेश्वरी’ म्हणून विकले जाते, तेव्हा खरा तोटा होतो तो त्या विणकराचा. घेणाऱ्या बाईला साडी तरी मिळते. विणकराला त्याच्या नावाचेही मोल मिळत नाही. हे पाहून ज्या इंदूरकराला वाईट वाटते, त्याने वाळवंटातील विणकरणीविषयीही तीच जाणीव ठेवावयास नको काय? तिच्या पट्टीची छापील नक्कल घेणारा प्रवासी, न कळत, यंत्रमागाच्या त्या दुकानदाराचाच गिऱ्हाईक होतो.

म्हणून अरबांच्या बाजारात किंमत विचारण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: ही वस्तू कोठे झाली, आणि कोणी केली? खरा दुकानदार या प्रश्नाने रागावत नाही. उलट तो स्टूल पुढे करतो आणि सांगू लागतो. जो उडवाउडवीची उत्तरे देतो, त्याच्या दुकानाबाहेर पडावे. यादीतील वीस नावांसाठी वीस खोटे उंट आणण्याऐवजी, चांगल्या खजुराचा एक डबा आणून तो वीस घरी वाटावा. त्या खजुराबरोबर खाडीची, नावेची आणि त्या दुकानदाराची हकीकतही वाटली जाईल. पंढरपूरचे चुरमुरे असेच चिमूट चिमूट वाटले जात. आणि ते कमी पडले, अशी तक्रार कोणी केल्याचे ऐकिवात नाही.