पडद्यावरचे विमान आणि पाबळचे शास्त्रज्ञ



‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपट ३० जानेवारी २०१५ रोजी आला. त्याचा नायक मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे. आयुष्मान खुराना यांनी ती भूमिका केली. तळपदे खरोखर होऊन गेले. संस्कृतचे जाणकार, विमानविद्येच्या ध्यासाने झपाटलेले गृहस्थ. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवले, अशी कथा सांगितली जाते. गंमत पाहा, कथेतले विमान विनामाणसाचे आहे. पडद्यावर मात्र नायक स्वतः आकाशात जातो!

कलावंताने कल्पना लढवावी, त्याला आमची हरकत नाही. प्रश्न चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर सुरू होतो. राइट बंधू १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिल्यांदा उडाले ते जेमतेम बारा सेकंद, १२० फूट. पण त्या उड्डाणाला पाच साक्षीदार होते आणि त्याचे छायाचित्र आहे. चौपाटीच्या उड्डाणाचा असा खात्रीचा पुरावा आजवर पुढे आलेला नाही.

मग आधाराला ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ आणला जातो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो तपासला. त्यातली विमाने उडूच शकत नाहीत आणि ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही, असा त्यांचा निष्कर्ष. १९०४ नंतरचा ग्रंथ १८९५ च्या उड्डाणाला आधार कसा देणार? तळपद्यांच्या ध्यासाचा आदर करावा. न घडलेला विक्रम त्यांच्या नावावर चढवण्याची गरज नाही.

त्याच २०१५ च्या डिसेंबरात ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि आपल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळची मस्तानीची समाधी पुन्हा चर्चेत आली. पण पाबळला आणखी एक मोठा माणूस राहिला. डॉ. श्रीनाथ कलबाग. इलिनॉय विद्यापीठाचे पीएच.डी., हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातले शास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर १९८३ मध्ये त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी हाताने करत विज्ञान शिकली. जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून विहिरीची जागा शोधायला शिकली. घुमटाकार ‘पाबळ डोम’ तिथलाच. २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या साहाय्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रमाचे काम चालू आहे.

यात चौपाटी नाही, प्रेमकथा नाही, म्हणून निर्माते फिरकत नसतील. पण इथले काम प्रत्यक्ष जाऊन तपासता येते, आणि विज्ञानाची पहिली अट तीच. तेव्हा श्रोतेहो, चित्रपट आवडीने पाहा. पण उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना एकदा पाबळच्या कार्यशाळेत घेऊन जा.