करहकट निगमाचे दान

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले सरपंच, सभापती, नगराध्यक्ष, अधिकारीवर्ग आणि माझ्या कऱ्हाडकर बंधुभगिनींनो,

कृष्णा-कोयनेच्या काठी आपले मनःपूर्वक स्वागत. १९७५ साली दुर्गाबाई भागवतांच्या अध्यक्षतेखाली याच गावी साहित्य संमेलन भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण. तेच पद आज माझ्याकडे आले आहे. गेले तीन आठवडे हे दडपण मनावरून उतरलेले नाही.

पाहुणे येतात ते प्रीतिसंगम आणि यशवंतरावांची समाधी पाहायला. आगाशिवची लेणी पाहा, मनोरे पाहा, नकट्या रावळाची विहीर पाहा. पण कऱ्हाडची सर्वांत अभिमानाची खूण मात्र कऱ्हाडात नाही. मध्य प्रदेशात भारहुतला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप होता. त्याच्या दगडी कठड्यावर दात्यांची नावे ब्राह्मीत कोरली आहेत. कुणी भिक्षू, कुणी भिक्षुणी, कुणी गृहस्थ. त्यांतच एक लेख सांगतो की हे दान करहकट निगमाचे आहे. करहकट म्हणजे आपले कऱ्हाड, असे अभ्यासक मानतात. निगम म्हणजे व्यापारी पेठेचे गाव. इतरत्र बहुतेक माणसांची नावे, इथे साऱ्या गावाचे!

मला हे पन्नाशीत कळले. मग कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये भारहुतचा कठडा पाहायला मुद्दाम गेलो आणि बराच वेळ तिथून पाय निघेना. वर्गणी कुणी जमवली असेल? आपल्याच वेशीचे काम आधी करा, असे कुणी म्हटले असेल का? काय द्यायचे, किती द्यायचे, हे कुठेतरी बसून ठरले असणारच. त्या बैठकीतल्या एकाचेही नाव उरले नाही, गावाचे उरले. कै. पी. डी. पाटीलसाहेबांनी चार दशके नगराध्यक्षपद सांभाळले, तेही मला त्याच परंपरेतले वाटतात.

आपल्या परिषदेचा विषयही तोच आहे : एकत्र बसून ठरवायचे आणि एकत्र पार पाडायचे. यशवंतराव मुख्यमंत्री असताना, १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. ग्रामपंचायतींचे आणि नगरपालिकांचे आराखडे जुळवून जिल्ह्याचा आराखडा करण्याचे काम १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीवर सोपवले. आमच्या शेजारच्या मलकापूरने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साथीने मीटरवर चोवीस तास पाणी देऊन दाखवले. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत कऱ्हाड देशात पहिले आले. तरी नदीला हद्द नसते. आमचे सांडपाणी खालच्या गावांच्या पाणीपुरवठ्याला भिडते, म्हणून नदीचा आराखडा एका नगरपालिकेने करून भागणार नाही. याहून अधिक तज्ज्ञांनी बोलावे.

आता क्षमायाचना. निवासाची सोय शाळांच्या वर्गांत करावी लागली. काल रात्रीच्या पावसाने मंडपाचा मागचा भाग गळला, काही प्रतिनिधींच्या पिशव्या भिजल्या, याचे मला फार वाईट वाटते. त्यांच्यासाठी कोरड्या सतरंज्या आणि पांघरुणे पाठवली आहेत. ज्येष्ठ मंडळींना जिना चढावा लागू नये म्हणून तळमजल्यावरच्या खोल्या राखल्या आहेत. कुणाची सोय राहिली असेल तर संकोच न करता मला सांगा.

आभार किती मानू? पेठेतल्या व्यापाऱ्यांनी धान्य दिले, शेतकऱ्यांनी गूळ आणि भाजी, दूधवाल्यांनी पहाटे दूध पोचवले. बचत गटांच्या भगिनी परवापासून भाकऱ्या थापताहेत. सफाई कामगारांनी सुट्टी न घेता मैदान झाडले. सर्वांत मोठी देणगी देणाऱ्या गृहस्थांनी नाव वाचू नका, गावाचे म्हणा, असे निक्षून सांगितले. मी त्यांचा शब्द पाळतो.

उद्या सकाळी साडेसहाला मंडपाच्या दारातून संगमाकडे गाड्या निघतील. पाणी वाढले आहे, कृपया घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नये.