‘ए’ मागितला, उद्गारचिन्ह आलं

१९८२ च्या ब्रिटिश झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी गेम लिहायचाय, अक्षरं कुठून आणायची? मी वहीत ८ बाय ८ चौकटी रंगवत बसलो होतो. वेडेपणा! फॉन्ट रॉममध्येच आहे: पत्ता १५६१६, ९६ अक्षरं, प्रत्येकी ८ बाइट, एकूण ७६८. पीक करून वाचा. कॅपिटल ‘ए’ म्हणजे ०, ६०, ६६, ६६, १२६, ६६, ६६, ०. बायनरीत एकाखाली एक लिहा, अक्षर दिसतं!

पण २३६०६ वरचा पॉइंटर १५३६० दाखवतो, २५६ ने कमी. पहिल्या ३२ कोडना चित्रंच नाहीत, म्हणून ते आधीच वजा केलेत. मी पुन्हा ३२ वजा केले आणि ‘ए’ऐवजी उद्गारचिन्ह! दोन रात्री गेल्या. आता पॉइंटरमध्ये थेट कोड गुणिले ८ मिळवतो.